टॅकल नेमका कधी पूर्ण होतो? रग्बी लीगच्या पंचाच्या नजरेतून

खेळाडू गोलरेषेच्या अर्धा मीटर अलीकडे पडलाय. एकाने कमरेला मिठी घातलीय, दुसरा पायाला लटकलाय. तो तसाच हात लांबवतो आणि चेंडू रेषेपलीकडे टेकवतो. कबड्डीवर वाढलेल्या माणसाच्या तोंडून आपोआप ‘आला, आला!’ निघतं. आपल्या चढाईपटूला सहा जणांनी दाबून धरलं तरी त्याचं एक बोट मध्यरेषेला लागलं की तो सुटला, आणि धरणारे सगळे बाद. रग्बी लीगमध्ये मात्र अशा वेळी पंच शिट्टी वाजवतो, ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवल्याचे गुण) नाकारतो आणि वर बचाव करणाऱ्या संघाला पेनल्टी देतो. पुण्यात जे थोडे लोक दुपारी साडेतीनच्या सुमाराला लागणारे एनआरएलचे, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मुख्य रग्बी लीग स्पर्धेचे सामने बघायला लागलेत, त्यांचा पंचावरचा पहिला राग बहुतेक याच प्रसंगातला असतो. पुणेरी पलटणची एकही चढाई न चुकवणाऱ्या माणसाला तर हा निर्णय सरळ अन्याय वाटतो.

तो अन्याय नाही. आपण ज्या प्रश्नाचं उत्तर शोधतो, तो प्रश्न पंच विचारतच नसतो. आपण बघतो चेंडू रेषेला लागला का. तो बघतो त्याच्या आधी टॅकल, म्हणजे पकड, पूर्ण झाला होता का. लीगचे निम्मे वाद या एका प्रश्नापाशी येऊन थांबतात, म्हणून तो नीट उलगडून बघू.

आधी एक खुलासा. आपल्याकडे मैदानावर दिसते ती रग्बी युनियन, त्यातही बहुतेक सात-सात खेळाडूंची. लीग हा वेगळा खेळ. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधले क्लब हडर्सफील्डच्या एका हॉटेलात जमले आणि वेगळे झाले. १९०६ मध्ये संघात पंधराऐवजी तेरा जण झाले आणि प्ले-द-बॉल आला. म्हणजे पकडलेला खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो, पायाने मागे सारतो आणि खेळ पुढे चालू होतो. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात सलग टॅकलवर चारची मर्यादा आली, पुढे ७०च्या दशकाच्या सुरुवातीला ती सहा झाली. मर्यादा संपली की चेंडू दुसऱ्या संघाकडे. तेव्हापासून या खेळाचा श्वास म्हणजे सहा टॅकल. टॅकल कुठे सुरू झाला, कुठे संपला आणि कितवा होता, हे ठरवणं हे पंचाचं मुख्य काम. बाकीचं त्याच्या मागून येतं.

नियमपुस्तकाचा अकरावा विभाग टॅकलचा आहे. टॅकल चार प्रकारे पूर्ण होतो. एक, खेळाडू धरलेला असताना चेंडू, किंवा चेंडू धरलेला हात जमिनीला लागला. दोन, तो उभाच आहे, पण असा जखडलाय की पुढेही जाता येत नाही आणि चेंडूही देता येत नाही. तीन, धरलेला असताना त्याने स्वतःच दाखवून दिलं की मी थांबलो, आता सोडा. चार, तो जमिनीवर पडलेला आहे आणि विरोधी खेळाडूने त्याच्यावर हात ठेवला. यात गुडघ्याचा उल्लेख नाही, पाठीचा नाही, कमरेचाही नाही. महत्त्व फक्त चेंडूला आणि तो धरलेल्या हाताला.

आता पहिल्या प्रसंगाकडे परत या. पंच तिथे तीन गोष्टी त्याच क्रमाने बघतो. धरलेल्या अवस्थेत चेंडूचा हात जमिनीला लागला का? लागला असेल तर शरीर अजून पुढे सरकतंय का? आणि हात लांबवणं हा त्या सरकण्याचाच भाग होता, की थांबल्यावर केलेली वेगळी हालचाल? पकडलेला खेळाडू स्वतःच्या वेगाने घसरत इन-गोलमध्ये, म्हणजे गोलरेषेपलीकडच्या जागेत गेला आणि तिथे चेंडू टेकवला, तर ट्राय वैध आहे, मग चेंडू वाटेत जमिनीला लागलेला का असेना. सहाव्या विभागात हे स्पष्ट लिहिलंय. पण शरीर थांबलं, हात टेकला, आणि मग कोपराने किंवा गुडघ्याने जोर लावून पुढे सरकला, तर ती डबल मूव्हमेंट. पेनल्टी.

या ठिकाणी बहुतेक प्रेक्षक ज्या गोष्टीत फसतात ती जवळून बघण्यासारखी आहे. आक्रमक खाली पडतो, पण जमिनीवर नव्हे, बचावपटूच्या छातीवर. दोघं एकमेकांवर आडवे. चेंडूचा हात हवेत आहे, किंवा खालच्याच्या दंडावर टेकलाय. टीव्हीवर बघताना वाटतं, संपला की टॅकल! पण हात जमिनीला लागलेला नाही. त्यामुळे टॅकल पूर्ण नाही, आणि तो हात लांबवून चेंडू टेकवू शकतो. चांगला पंच अशा वेळी गोलरेषेवर जवळजवळ झोपून बघतो, कारण त्याला चेहरे नको असतात, कोपर आणि गवत यांच्यामधली फट हवी असते. ती फट वरच्या कॅमेऱ्यातून कधीच दिसत नाही.

आणि स्लो मोशनचा भरवसा धरू नका. वेग सावकाश केला की सलग घसरण तुकड्यांत दिसते: पडला, थांबला, हात गेला. खरं तर तो कधी थांबलेलाच नसतो. उलटही होतं. पूर्ण वेगात एका झेपेत झालेली वाटणारी हालचाल सावकाश बघितली की मधली विश्रांती उघडी पडते. म्हणून व्हिडिओ पंचाने आधी पूर्ण वेगात बघून शरीराचा जोर कुठे संपतो हे ठरवावं आणि मगच स्लो मोशनमध्ये हात कधी टेकला ते शोधावं. उलट क्रमाने बघितलं की निर्णय चुकतात.

चेंडू टेकवण्याच्या व्याख्येतही असंच बारीक कलम आहे. हाताने चेंडू जमिनीवर ठेवला तर ट्राय. जमिनीवर असलेल्या चेंडूवर हाताने किंवा दंडाने खाली दाब दिला तरी ट्राय. जमिनीवरच्या चेंडूवर झेप घेऊन मानेखालच्या आणि कमरेवरच्या शरीराने तो झाकला तरी ट्राय. पण गुडघा किंवा मांडी लागली तर नाही. चेंडू बोटांतून सुटून पुढे गेला आणि मग टेकला, तर तो नॉक-ऑन.

उभ्याने धरलेल्या खेळाडूचं अवघड. पुस्तकातल्या शब्दांप्रमाणे जोवर चेंडू देण्याइतका हात मोकळा आहे तोवर टॅकल पूर्ण नाही. तीन जणांनी जखडलेला खेळाडू मागून ऑफलोड, म्हणजे धरलेल्या अवस्थेतच पास देतो, त्यावर अख्खा खेळ पलटतो आणि तोच क्षण प्रेक्षकांना सगळ्यात आवडतो. पण त्याच अवस्थेत आणखी दोन सेकंद सोडलं की चौथा बचावपटू बाजूने येऊन गुडघ्यावर आदळतो. म्हणून पंच ‘हेल्ड!’ ओरडतो. त्या एका शब्दानंतर चेंडू काढून घेता येत नाही, खेळाडूला ओढता-ढकलता येत नाही, त्याने प्ले-द-बॉलच करायचा. ‘हेल्ड’ लवकर आला तर ऑफलोड मारला जातो, उशिरा आला तर माणूस जखमी होतो. यासाठी कुठलंही पुस्तक सेकंद ठरवून देऊ शकत नाही, आणि देऊही नये.

टॅकल पूर्ण झाला की खरी लढाई सुरू होते, ती सोडण्याची. धरलेल्याने उठून चेंडू खेळायला जितका वेळ जास्त, तितकी बचावाची रांग नीट लागलेली. म्हणून बचावपटू सोडायला वेळ लावतात. पोटावर पडलेल्याला पाठीवर उलटवतात, खांद्यावर हात ठेवून उठतात, उठताना पाय अडकवतात. पुण्याच्या तालमीत कुस्ती बघितलेल्या माणसाला हे चटकन कळेल: चीत झालेला उठायला जास्त वेळ घेतो. लीगचे संघ कुस्तीचे प्रशिक्षक पगारावर ठेवतात ते त्यासाठीच.

पंचाने इथे किती वेळ द्यायचा हे टॅकल कसा झाला यावर ठरतं. बचावपटूंनी आक्रमकाला मागे रेटून पाडलं तर पंच ‘डॉमिनंट’ म्हणतो, आणि त्यांना हळू उठायची सवड मिळते, कारण ती त्यांनी कमावलेली आहे. आक्रमक स्वतःच अंग टाकून खाली गेला तर ‘सरेंडर’, आणि मग लगेच हात सोडायचे. ही दोन्ही नावं पंचांच्या बोलीतली आहेत. नियमात फक्त एवढंच की लगेच सोडा. म्हणजे एकाच सामन्यात एका टॅकलला दोन सेकंद आणि दुसऱ्याला चार सेकंद मिळाले, तर तो पक्षपात असेलच असं नाही. ऐकायची सोय असेल तर पंचाच्या माइकवरचे शब्द ऐका, निम्मे गैरसमज तिथेच मिटतील.

पकडलेल्या खेळाडूचीही जबाबदारी आहे. त्याने उभं राहायचं, प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेकडे तोंड करायचं, चेंडू पुढच्या पायासमोर जमिनीवर ठेवायचा आणि पायाने मागे सारायचा. घाईत खेळाडू चेंडू नुसता मागे लोटून त्याच्यावरून चालत जातात. पंच बहुतेक वेळा सोडून देतो, पण पायाने खेळण्याचा प्रामाणिक प्रयत्नच दिसला नाही तर चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो.

समोर बचावाचे जास्तीत जास्त दोन खेळाडू (मार्कर), एक अगदी समोर आणि दुसरा त्याच्या मागे. बाकीचे दहा मीटर मागे. १९९३ पर्यंत हे अंतर पाच मीटर होतं. आता ही दहा मीटरची रेषा मैदानावर आखलेली नसते. ती रेषा म्हणजे पंच स्वतः. प्रत्येक टॅकलनंतर तो उलट्या पावलांनी धावत दहा मीटर मागे जातो आणि बचावाची फळी त्याच्या रांगेत उभी राहते. पंच आठ मीटरवर थांबला तर अख्ख्या सामन्याचं वळण बदलतं, आणि दमलेला पंच शेवटच्या पंधरा मिनिटांत नेमका तसाच थांबतो. शिवाय त्याला एकाच वेळी समोर रक, म्हणजे प्ले-द-बॉलची जागा बघायचीय आणि डावी-उजवीकडे रांग. म्हणूनच एनआरएलने २००९ ते २०२० दोन पंच ठेवले होते, एक रकजवळ आणि एक दहा मीटरवर. २०२० च्या मे महिन्यापासून पुन्हा एकच. खेळाचा वेग वाढला खरा, पण रकमधली छोटी चोरी पकडणं अवघड झालं. दुसरा पंच काढायला नको होता असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच वेळी ‘सिक्स अगेन’ आला. आधी रकमध्ये हळू सोडलं तर पेनल्टी मिळायची. पण पेनल्टीमुळे खेळ थांबतो, चेंडू टचला, म्हणजे मैदानाबाहेर मारला जातो, बचाव दम खातो. म्हणून संघ मुद्दाम पेनल्टी द्यायचे. आता पंच हात डोक्यावर फिरवतो, घंटा वाजते, टॅकलची मोजणी पुन्हा शून्यावर येते आणि खेळ चालूच राहतो. पण संघांनी लगेच पळवाट शोधली. पहिल्याच टॅकलवर, तेही आक्रमक संघ स्वतःच्या गोलरेषेजवळ असताना हळू सोडायचं. शिक्षा काय, तर फक्त एक टॅकल जास्त! त्या बदल्यात रांग पूर्ण लागलेली. म्हणून २०२२ मध्ये एनआरएलने ठरवलं की आक्रमक संघ स्वतःच्या ४० मीटरच्या आत असेल तर सिक्स अगेन नाही, पूर्ण पेनल्टी. शिक्षेची किंमत गुन्ह्याच्या फायद्यापेक्षा कमी पडली की खेळाडू गुन्हा विकत घेतो. पंच कितीही चांगला असला तरी ते गणित त्याच्या हातात नसतं.

चेंडू हिसकावून घेण्याचा नियमही टॅकलच्या त्याच घड्याळावर चालतो. टॅकल पूर्ण होण्याआधी एकट्या बचावपटूने हिसकावला तर चालतं. दोघा-तिघांनी धरलेलं असताना काढला तर पेनल्टी. २०१९ पासून एनआरएलमध्ये बाकीचे हात सोडून बाजूला झाले की उरलेला एकटा चेंडू काढू शकतो. गोलरेषेवर चेंडू टेकवायच्या प्रयत्नात असलेल्या खेळाडूकडून मात्र कितीही जण मिळून काढू शकतात. पंच इथे चेंडूपेक्षा बचावपटूचा कोपर बघतो. कोपर झटक्याने मागे आला आणि चेंडू बचावपटूच्या दिशेने सुटला तर त्याने हिसकावला. चेंडू खाली किंवा पुढे घरंगळला आणि बचावपटूचा हात जागच्या जागी होता, तर धरणाऱ्यानेच तो सैल धरला होता.

मोजणी ही सोपी गोष्ट वाटते, पण सर्वात जिव्हारी लागणाऱ्या चुका तिथेच झाल्यात. पाचव्या टॅकलनंतर पंच हात वर करून पाच बोटं पसरतो: शेवटचा. त्यात शून्य टॅकलही असतो. प्रतिस्पर्ध्याने नॉक-ऑन केलेला चेंडू तुम्ही उचललात, तर त्यानंतरचा पहिला टॅकल मोजत नाहीत. सप्टेंबर २०१३ मध्ये नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइज आणि क्रोनला शार्क्स यांच्यातल्या बाद फेरीच्या सामन्यात शार्क्सने सातव्या टॅकलवर ट्राय केला, आणि सामना २०-१८ असा जिंकला. मैदानावर तेव्हा दोन पंच होते. मोजणी कोणाच्याच लक्षात आली नाही.

आणि २०१९ची अंतिम लढत. सिडनी रूस्टर्स आणि कॅनबरा रेडर्स, ८-८ बरोबरी, शेवटची दहाएक मिनिटं. रेडर्सची उंच किक खाली येते, चेंडू हातांच्या गर्दीतून सुटतो, रेडर्सला परत मिळतो. पंच हात फिरवतो: चेंडू रूस्टर्सला लागला, म्हणून सहा टॅकल पुन्हा. लगेच सहकाऱ्यांकडून कानात सूचना येते की चेंडू रूस्टर्सला लागलेलाच नाही, आणि पंच ‘शेवटचा’ असं सांगायला लागतो. पण रेडर्सच्या जॅक वायटनने फक्त पहिला हात बघितला होता. तो निवांत पकडला गेला, चेंडू रूस्टर्सकडे गेला, आणि लगेच पुढच्या चढाईत जेम्स टेडेस्कोने ट्राय केला. निकाल १४-८. लीगच्या अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलं की शेवटी दिलेला निर्णय बरोबर होता. वस्तुस्थिती म्हणून होताच. पण सोळावा विभाग सांगतो की पंच वस्तुस्थितीचा एकमेव न्यायाधीश आहे आणि एकदा दिलेला असा निर्णय त्याने नंतर बदलू नये. अपवाद फक्त त्याला न दिसलेल्या आधीच्या गैरवर्तनाचा, तोही टच जजने, म्हणजे रेषेवरच्या सहायक पंचाने कळवलं तर. तो नियम याच प्रसंगासाठी असल्यासारखा आहे. खेळाडू हाताच्या खुणेवर विश्वास ठेवून धावतात. चुकीची खूण बदलायची, तर आधी खेळ थांबला पाहिजे. खेळ चालू असताना कानातल्या आवाजावरून खूण बदलणं ही मूळ चुकीपेक्षा मोठी चूक होती.

फॉरवर्ड पासबद्दल, म्हणजे नियमाबाहेर पुढे दिलेल्या चेंडूबद्दल थोडक्यात. पासची दिशा देणाऱ्याच्या शरीराच्या तुलनेत मोजायची, जमिनीच्या नाही. पूर्ण वेगात धावणाऱ्याने हात मागच्या बाजूला करून दिलेला चेंडू त्याच्याच वेगामुळे मैदानावर दोन मीटर पुढे जाऊ शकतो, तरी तो वैध आहे. दहाव्या विभागातल्या टिपेत हे स्पष्ट आहे. त्यामुळे मैदानावरच्या आडव्या पट्ट्यांवरून पास पुढे गेला की मागे ठरवू नका, देणाऱ्याचे हात कुठे बघत होते ते पाहा.

अडथळ्याच्या बाबतीत एनआरएलने जी वाट धरली ती पटत नाही. आजकाल प्रत्येक संघ ब्लॉक प्ले खेळतो: एक जण चेंडूशिवाय बचावपटूवर धावून जातो, आणि पास त्याच्या पाठीमागून बाहेरच्याला जातो. नियमाचा हेतू साधा आहे, चेंडू नसलेल्या माणसाने बचावपटूची वाट अडवू नये. पण तो कसा लावायचा यासाठी काटेकोर मोजपट्टी आली: धावणारा बचावपटूच्या बाहेरच्या खांद्याला धडकला का, चेंडू घेणारा त्याच्या आतल्या बाजूने गेला का. मग बचावपटू हुशार झाले. पोचणं शक्यच नसतं तरी ते धावणाऱ्याला मुद्दाम जाऊन भिडतात, खाली पडतात आणि हात वर करतात. मूळ प्रश्न एकच असायला हवा: अडथळा नसता तर हा बचावपटू चेंडूपर्यंत पोचला असता का? त्याने स्वतःच चुकीचा माणूस निवडला असेल, तर ट्राय द्यायला हवा. चेंडू जमिनीला लागला का, यासाठी मोजपट्टी ठीक आहे. हेतूचा आणि शक्यतेचा प्रश्न मोजपट्टीने सुटत नाही, तिथे पंचाची नजरच लागते.

एका ठिकाणी मात्र पंचाच्या सवलतीला जागा फारच कमी आहे. टॅकल करताना डोक्याला किंवा मानेला लागलं, तर ते हेतुपुरस्सर असो, बेपर्वाईने असो की निष्काळजीपणे, पंधराव्या विभागाखाली गैरवर्तनच. उचलून उलटं आपटणंही तसंच: खेळाडूचं डोकं किंवा मान आधी जमिनीला लागण्याची शक्यता असेल अशा स्थितीत त्याला आणलं की तो धोकादायक थ्रो. खांद्याने धडक मारून पाडणं एनआरएलमध्ये २०१३ च्या हंगामापासून बंद झालं. शिक्षा ठरवताना पंच जोर बघतो, आणि आक्रमक शेवटच्या क्षणी घसरून खाली आला का हेही बघतो. पण पेनल्टी टळत नाही. सिन बिनमध्ये, म्हणजे मैदानाबाहेर बसवलं तर दहा मिनिटं बारा जणांनी तेरा जणांशी खेळायचं.

हा गुन्हा ट्राय करणाऱ्यावर, तो चेंडू टेकवत असताना झाला, तर एक क्वचित दिसणारा नियम लागू होतो. ट्रायचे ४, त्यावरच्या रूपांतर किकचे २, आणि नंतर गोलखांबांसमोरून आणखी एक पेनल्टी किक, तिचेही २. आठ गुणांची संधी एकाच ट्रायवर. दोन्ही किक बसल्या नाहीत तर अर्थात चारच.